वांगं कृष्णाकाठचं, सुनावणी नागपूरला

राम राम मंडळी! हे हातातलं वांगं बघा. कृष्णाकाठचं आहे, आज सकाळीच सांगलीच्या मंडईतनं आणलं. भरल्या वांग्याला दुसरं कुठलं चालत नाही आपल्याला.

ज्यांच्या रानात वांगी आहेत त्यांना शेंडा आणि फळ पोखरणारी अळी काय असते ते सांगायला नको. फवारणी करून माणूस थकतो. त्यावर जालन्याच्या महिको कंपनीनं बीटी वांगं तयार केलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं, ते खाल्लं की अळी मरते. १४ ऑक्टोबर २००९ ला जीईएसी या केंद्राच्या समितीनं त्याला होकार दिला. तेव्हा तिच्या नावातच 'मंजुरी' हा शब्द होता. पुढच्या वर्षी तो काढून 'मूल्यमापन' केला. मला हा बदल मोठा वाटतो, कारण तपासायला बसलेल्याचं काम आधी तपासणं असतं.

पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या होकारावर लगेच सही केली नाही. सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक सगळ्यांचं ऐकलं, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला बीटी वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी हेच वांगं लावतायत. म्हणजे वाद एकतर्फी नाही.

पण त्या सात शहरांत महाराष्ट्रातलं एकच होतं, नागपूर. सांगलीहून रात्रभराचा प्रवास! तोडणीला आलेली वांगी सोडून कोण जाणार?

रानात काय लावायचं ते जीईएसी बघते, ताटात काय येतं ते एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या अन्नाचे नियम या संस्थेनं करायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मसुदा आला. कुठल्याही घटकात जीएमचं प्रमाण एक टक्का किंवा जास्त असेल तर पाकिटावर तसं छापा, असं त्यात होतं. हरकतींना साठ दिवस. मसुदा हिंदी-इंग्रजीत.

आपला काय संबंध, असं म्हणू नका. देशातला बहुतेक कापूस बीटी आहे. त्याची सरकी पेंड आपल्या म्हशी खातात, सरकीचं तेल आपण खातो.

जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीवर एकमत झालं नाही. पण राष्ट्रीय धोरण करा आणि ते करताना शेतकऱ्यांना, राज्यांना विचारा, यावर दोघांचं एकमत होतं.

तेव्हा पुढचा मसुदा आला की हरकत लिहा. कलम कुठलं, बदल काय, कारण काय, एवढं पुरतं. जीएमच्या बाजूनं असाल तरी लिहा, विरोधात असाल तरी लिहा. मी माझी मराठीतच लिहिणार आहे. पहिली ओळ ठरलीय: सुनावणी सांगलीला घ्या, आणि वांग्याची तोडणी नसेल तेव्हा घ्या.