बंदीतली टाकी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'डिझेल इंजिनच्या इंधन यंत्रणेची निगा' असा छापलाय. एवढं जड नाव वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर पावसाळी मासेमारी बंदीमुळे वेळ आहे, नाही तर चहाबरोबर भजी आहेत हे कुणीतरी फोडलंय. निगेचं सगळं सांगतो, पण आधी माझा हट्टाचा मुद्दा. तुमचा पंप, म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा, समुद्रात बिघडतो असं तुम्हाला वाटतं. तो बिघडतो १ जून ते ३१ जुलै, बोट पावसासाठी शाकारून किनाऱ्यावर आणि मालक घरी माशांचे भाव काढत बसलेला असताना.

एका ट्रॉलरची गोष्ट ऐका. नारळी पौर्णिमा करून निघाला, जयगडच्या बाहेर इंजिन लोड घेईना. आरपीएम खाली-वर, मग बंदच. दुसऱ्या बोटीने ओढून आणला. पंप गेला पंपवाल्याकडे. नाव घेत नाही, इथे बसलाही असेल. त्याने कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पंपाचं डिझेल मोजून जुळवलं, फवारा मारणारे सहाही नोजल बदलले, बिल हातात दिलं. बोट गेली आणि पुन्हा दोरीला बांधून आली. आता पंपाचे एलिमेंटच, म्हणजे आतले दट्टे आणि नळ्याच, ओरखडलेले. मालक म्हणे पार्ट नकली, पंपवाला म्हणे डिझेल भेसळीचं, आणि बोट चालवणारा तांडेल म्हणे नारळ नीट फुटला नव्हता. टाकीचं नाव कुणी काढेना.

मी म्हटलं, तळातलं डिझेल दाखवा. तळाला कॉकच नव्हता! शेवटी हातपंपाने नळीतून ओढलं. (तोंडाने ओढू नका, काही जण हसताहेत, म्हणजे चव माहीत आहे.) काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवलं. वर पिवळं डिझेल, खाली पाणी, आणि दोन्हींच्या मधोमध काळा, बुळबुळीत पापुद्रा. बाटली हलवली की त्याचे तुकडे व्हायचे आणि परत त्याच जागी येऊन बसायचे. ते जिवंत असतं, मंडळी. बुरशी आणि जीवाणू. राहतात पाण्यात, खातात डिझेल. विमानांच्या टाक्यांनाही या बुरशीने छळलंय. तोच गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो, इंजिनला डिझेल पुरत नाही आणि शिव्या खातो पंप.

पाणी आलं कुठून? डेकवरच्या झाकणाचं पॅकिंग फुटलेलं आणि कोकणातला पाऊस. वर रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होऊन पत्र्याला सुटतं, ते वेगळंच. वडापावच्या किमतीचं पॅकिंग हो!

आता एवढ्याशा पाण्याने काय होतं? पंपातला प्लंजर (दट्टा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, आपला केस सत्तरच्या आसपास. तिथे वंगण म्हणजे डिझेलच. पाणी शिरलं की वंगण तुटलं, ओरखडा पडला, गंज धरला. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, गंधक ५० पीपीएमवरून १०वर. गंधक काढताना डिझेलचा मुळातला वंगणपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या वरून वंगण मिसळतात. पाण्यावर मात्र त्याचा इलाज नाही. तसं इंजिन मूळचं खाण्यापिण्यात सोशिक. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ते शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आणि ज्याच्या नावाचं हे इंजिन, तो रुडॉल्फ डिझेल १९१३ साली बोटीवरूनच नाहीसा झाला. हे तांडेलांना सांगू नका, नारळ वाढवायला लावतील.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. म्हणजे निगा उरली पाच मिनिटांत.

बंदीआधी तळ उपसा, टाकी आतून पुसा. कॉटन वेस्ट नको, धागे सुटतात. मग टाकी भरून ठेवा. "डिझेलवरच्या कराचा परतावा आला नाही, भरू कशाने?" ऐकलं. मग निदान पूर्ण रिकामी आणि कोरडी करा, झाकणाचं पॅकिंग बदला, हवेच्या नळीचं तोंड पावसाकडे नाही ना ते बघा. बुरशीचं औषध टाकायचं तर गाळ काढल्यावरच, नाही तर मेलेली बुरशी फिल्टरमध्येच येणार. डिझेलला गॅल्व्हनाइज पत्रा नको, जस्ताचा साबणासारखा चिकटा होतो.

बंदी उठली की आधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं पाणी सोडा, फिल्टर बदला. नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरू नका, न गाळलेला कचरा थेट पंपात जातो. हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हातपंप, मारा. नळीत अडकलेली हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, बुडबुडे थांबेपर्यंत. शेवटी नोजलच्या पाइपांचे नट ढिले करून स्टार्टर. पुढे रोज सकाळी इंजिन लावण्याआधी सेपरेटर सोडून बघायचा. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवायचं नाही, काळा धूर म्हणजे ताकद नव्हे.

आणि नोजलचा फवारा हात धरून तपासणारे इथे आहेत, मला तोंडं माहीत आहेत. साध्या पंपालाही दोनशे बारच्या आसपास दाब असतो, धार कातडीतून आत शिरते. वर फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस घरी जातो. घरी जायचं नाही, तडक इस्पितळात जायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की आत डिझेल गेलंय.