१४ एप्रिल : निळे झेंडे आणि बंबवाले

१४ एप्रिल म्हटलं की मुंबईत आधी निळा रंग दिसतो. आदल्या रात्री बारा वाजता वस्त्यावस्त्यांत फटाके वाजतात, सकाळी चैत्यभूमीवर रांग लागते. १८९१ साली याच दिवशी महू इथे बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे परळची बीआयटी चाळ आणि दादरचं राजगृह इथे ते राहिले, म्हणून या तारखेवर मुंबईचा हक्क जरा जास्तच.

१८६५ साली वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती १४ एप्रिललाच. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळलं, तेही १४ एप्रिलच्याच रात्री. टायटॅनिक शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. फोर्ट स्टिकिन हे नाव मात्र किती मुंबईकरांनी ऐकलंय?

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध जोरात होतं. कराचीहून दोनच दिवसांपूर्वी आलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, जोडीला लाकूड, वंगणाचं तेल, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. दोन नंबरच्या खणात खाली कापूस होता आणि वर दारूगोळा. हे धोक्याचं आहे, हे गोदीतल्या कुठल्याही हमालाने सांगितलं असतं. पण युद्धाची घाई होती, जहाजं अपुरी होती.

दुपारी धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण कापूस आतल्या आत धुमसतो. आग नेमकी कुठे आहे तेच कळेना. मग जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावर एका ठिकाणी रंगाला फोड आलेले दिसले. आग त्याच्यामागेच होती! तिथला पत्रा कापायला गॅस कटर आणला, तो चालेना. आत पाणी चढत गेलं आणि पाण्याबरोबर जळता कापूस तरंगत वर, दारूगोळ्याच्या दिशेने. जहाज बाहेर समुद्रात न्यावं की इथेच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला.

जवळच उभं असलेलं ‘जलपद्म’ नावाचं जहाज असं उचललं गेलं की त्याची मागची बाजू गोदामाच्या छपरावर जाऊन बसली. हादऱ्याची नोंद थेट सिमल्यापर्यंत झाली. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. जळता कापूस मांडवी, मशीद बंदरच्या वस्तीवर पडत राहिला. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या पायाखाली काय भरलंय हे कळल्यावरही त्यांनी हातातला पाइप सोडला नव्हता. मला हा सगळा इतिहास त्यांचा वाटतो, जहाजाचा नाही.

टायटॅनिकची बातमी काही तासांत जगभर गेली होती. मुंबईची बातमी युद्धकाळातल्या सेन्सॉरने दाबली. सविस्तर वृत्त बाहेर पाठवायला मे महिना उजाडावा लागला. विस्मरणाची सुरुवात तिथून झाली, असं मला वाटतं.

त्या शुक्रवारी बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली होती, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. गोदीत मेलेले हमाल, बंबवाले, नंतर महिनोन्‌महिने लाखो टन ढिगारा उपसणारे मजूर, सगळे कष्टकरीच. म्हणून या तारखेच्या दोन आठवणी मला वेगवेगळ्या करता येत नाहीत.

आज देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन असतो, २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात या जवानांचं स्मारक आहे. चैत्यभूमीला जाल तेव्हा वाटेत भायखळ्यालाही उतरा. आणि तुमच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा तेव्हा गोदीत किंवा बंबावर असतील, तर त्यांच्याबद्दल घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा, नावागावासकट लिहून ठेवा.