आधी कागद तपासा

(नाशिकमधल्या एका वाचनालयात पालक आणि तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मे २०२५ मधली, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतली एक रात्र सांगतो. इंदिरानगरच्या आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसलेले. मावसभाऊ लष्करात, सीमेजवळ, आणि दोन दिवस त्याचा फोन नाही. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. नाशिकमध्ये अशा दिवसांत प्रत्येक गल्लीत कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो. तेवढ्यात मामांनी मोबाइल पुढे केला. काळंभोर आकाश, खालून वर जाणारी लाल ठिणग्यांची माळ, एक विमान पेट घेतं आणि गिरक्या घेत खाली येतं. मावशींनी तो व्हिडिओ पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या.

मी मोबाइल हातात घेतला, व्हिडिओ पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा लावला. म्हणालो, ‘मावशी, हे खरं नाही. हा आर्मा आहे.’

आर्मा ३ हा प्रागच्या बोहेमिया इंटरॲक्टिव्ह कंपनीचा २०१३ चा गेम. मी त्यात शेकडो तास घालवलेत. त्या ठिणग्यांमधलं अंतर सारखंच होतं, एकही चुकार नाही. धुराचा गोळा मी हजार वेळा पाहिलेला, तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या व्हिडिओत माणूस नव्हता. खरं विमान पडताना पाहणारा माणूस ओरडतो, धापा टाकतो, त्याचा हात खाली जातो, शेजारचं कुत्रं भुंकतं. इथे शुकशुकाट. या कंपनीनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढून लोकांना सावध केलं होतं, की आमच्या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरवली जातायत. खुणाही सांगितल्या होत्या: चित्र धूसर, प्रसंग बहुधा रात्रीचा, कॅमेरा हलता, आवाज गायब, हालचाल करणारी माणसं जवळपास नाहीतच. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, अफगाणिस्तानातल्या पंजशीरची लढाई म्हणून याच गेमची दृश्यं आपल्या देशातल्या वृत्तवाहिन्यांवर दाखवली गेली होती.

मावशींना पाणी दिलं. मामांनी तो व्हिडिओ ज्या पाच ग्रुपवर टाकला होता, तिथून काढला. भावाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

ती रात्र मी विसरू शकत नाही. मावशींच्या छातीत जी कळ उठली ती खरी होती, आणि ती उठवली होती कुणीतरी गेममधून रेकॉर्ड केलेल्या चाळीस सेकंदांनी. गेम खेळणाऱ्या माणसाकडे एक कमावलेली नजर असते. पडद्यावरचं काय खरं, काय रचलेलं, हे त्याला चटकन कळतं. ती नजर त्याने घरासाठी, गावासाठी वापरायला हवी, आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरही तितकीच कडक ठेवायला हवी. एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

ही नजर मला शिकवली माझ्या काकांनी. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. इंडिया सिक्युरिटी प्रेस म्हणजे जिथे आपले पासपोर्ट छापले जातात ती जागा. आयुष्यभर त्यांनी घरी कामाबद्दल एक शब्द काढला नाही. आम्ही मुलं विचारायचो, ‘काका, आत काय काय असतं?’ ते म्हणायचे, ‘कामाचं कामावर.’ बस, विषय संपला. रोज गेटवर झडती देऊन बाहेर पडणारा माणूस होता तो, आणि त्यात त्यांना कधी अपमान वाटला नाही. विश्वासाच्या जागी तपासणी असायचीच, असं त्यांचं मत.

काही वर्षांपूर्वी मी ‘पेपर्स, प्लीज’ खेळत होतो. लुकास पोप नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला हा २०१३ चा गेम. १९८२ साल, अर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, आणि तुम्ही सीमेवरचे तपासनीस. समोरचा माणूस पासपोर्ट सरकवतो. फोटो जुळतो का, मुदत संपली का, जारी केल्याचं शहर बरोबर आहे का, शिक्का खरा आहे का, हे बघायचं आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. दिवसभरात जितकी माणसं बिनचूक तपासाल तितकी मजुरी. संध्याकाळी त्यातून भाडं, जेवण, घर उबदार ठेवायचा खर्च. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. इंग्रजी त्यांना जेमतेम, पण मी कागद उलगडेपर्यंत त्यांचं बोट पडद्यावर गेलेलं असायचं: ‘हा शिक्का बघ. खोटा आहे.’ प्रत्येक वेळी बरोबर.

मग एक जोडपं आलं. नवऱ्याचे कागद चोख. जाता जाता तो सांगून गेला, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको आली, तर तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. माझा हात थांबला. काकाही बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘सोड तिला.’ आम्ही सोडलं. लगेच छपाईयंत्रातून ‘चूक झाली’ अशी चिठ्ठी बाहेर आली. एकदोन चुका माफ असतात, पुढे मजुरीतून पैसे कापतात. दोन दिवसांनी घरातला पोरगा आजारी पडला आणि औषधाला पैसे पुरले नाहीत. काका उठून गेले आणि गॅलरीत उभे राहिले.

‘गेम म्हणजे वेळेची नासाडी’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला तो प्रसंग दाखवावासा वाटतो. पोलंडने २०२० मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा वेढ्यात अडकलेल्या सामान्य माणसांवरचा गेम शाळांसाठीच्या शिफारशींच्या वाचनयादीत घातला. बरोबर केलं.

आता तुमच्या-माझ्या घरातल्या कॉम्प्युटरकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

पंचवटीतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. पाहुणा ओसरीवर बसतो. माजघरात यायचं तर घरच्यांना विचारतो. कॉम्प्युटरमध्येही तसंच असतं. साधा प्रोग्रॅम ओसरीवर असतो. आतलं काही हवं असेल तर विंडोजला विचारतो, आणि विंडोज ठरवतं. सगळ्यात आत, जिथे या सगळ्यांवर हुकूम चालतो, त्या भागाला कर्नेल म्हणतात. कर्नेलमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमला कुणाला विचारावं लागत नाही. त्याच्या कमरेलाच किल्ल्यांचा जुडगा असतो.

ऑनलाइन गेममध्ये फसवेगिरी करणारे, म्हणजे भिंतीपलीकडचं बघणारे, आपोआप नेम धरणारे, त्यांची साधनं याच आतल्या भागात लपवू लागले. म्हणून त्यांना पकडणारी ॲंटी-चीट सॉफ्टवेअरही आत शिरली. २०२० मध्ये व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम आला तो व्हॅनगार्ड नावाचं असं सॉफ्टवेअर घेऊन. ते गेम सुरू केल्यावर चालू होत नाही, कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर चालू होतं. कंपनीची बाजू मला कळते. चीटर्सनी भरलेल्या सामन्यात खेळण्यासारखं काही उरत नाही, मीही त्याला कंटाळून गेम सोडलेत. तरी माजघराची किल्ली ती किल्लीच. २०२२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी उघड केलं की गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचा ॲंटी-चीट ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलमध्ये बसणारा छोटा प्रोग्रॅम, खंडणीखोर हॅकर वापरतायत. ज्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला तिथे तो गेम असायचीही गरज नव्हती. हॅकर ड्रायव्हर सोबत आणायचे, त्यावर कंपनीची अधिकृत सही असल्याने विंडोज त्याला आत घ्यायचं, आणि तो आत गेला की अँटीव्हायरस बंद पाडायचा. सही खरी, माणूस खोटा. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे खऱ्या पासपोर्टवर भलताच माणूस आत आला.’ नेमकं तेच.

मी कॅनडा कॉर्नरजवळ एका कर सल्लागारांकडे काम करतो. माझ्या लॅपटॉपवर दीडशे लोकांचे पॅन, बँक खाती, जीएसटीची विवरणपत्रं असतात. मुलाने एकदा त्याच लॅपटॉपवर व्हॅलोरंट टाकायची परवानगी मागितली. मी नाही म्हणालो, आणि का नाही ते तासभर बसून समजावलं. गेमसाठी वेगळा पीसी घ्यायला आम्हाला आठ महिने साठवावं लागलं. तुमच्या घरी एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावर व्यवसायाची, बँकेची कामं होत असतील, तर कर्नेलमध्ये शिरणारा गेम त्यावर घालू नका. इतके गेम आहेत, तो एक राहू द्या.

पासवर्डचं थोडक्यात. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरल्याने माझं एक जुनं खातं गेलं, त्यात अकरा वर्षांत घेतलेले गेम होते. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरून ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली. तेव्हापासून हे चालूच आहे. प्रत्येक जागी वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारणारी सोय, आज घरी गेल्यावर करा.

मुलांच्या चेहऱ्यांची मात्र मला खरोखर धास्ती वाटते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने ५२ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल होते. लहान मुलांसाठीही अनोळखी माणसांशी बोलायची सोय आपोआप चालू ठेवली होती, हा आरोपांतला एक. मग जगभर वय तपासायची टूम निघाली. हेतू चांगला. पण वय तपासायचं म्हणजे ओळखपत्राचा फोटो द्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने, म्हणजे गेम खेळणारे ज्यावर गप्पा मारतात त्या ॲपने, कळवलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर पडले असू शकतात. पासवर्ड बदलता येतो. चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा कसा बदलणार?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर डिजिटल डेटाचा कायदा यायला २०२३ उजाडलं, आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५. कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यातही १८ महिन्यांची मुदत. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, मुलांचा माग काढून जाहिराती दाखवता येणार नाहीत, हे त्यात आहे. चांगलंच आहे. पण संमती पालकांची आहे, म्हणजे वाचायची जबाबदारीही आपलीच.

जगाचं राजकारण आमच्या गेममध्ये कधी शिरलं ते मला तारखेनिशी आठवतं. २ सप्टेंबर २०२०. गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडल्यानंतर अडीच महिन्यांनी सरकारने पब्जीसह चीनशी संबंधित ११८ ॲपवर बंदी घातली. कारण दिलं होतं भारतीयांचा डेटा देशाबाहेर जातो म्हणून. त्या संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर पोरं सुन्न बसली होती. बंदीचं कारण मला पटलं. पण हीच फूटपट्टी सगळ्यांना लावावी, हे मी तेव्हाही म्हणत होतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांतून उघड झालं की अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्था वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि सेकंड लाइफ या ऑनलाइन जगांमध्ये शिरून खेळणाऱ्यांवर पाळत ठेवत होत्या. डेटा बीजिंगला गेला काय आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला गेला काय, ओझरच्या कारखान्यातल्या माणसाच्या दृष्टीने घराबाहेर गेला तो गेला.

युक्रेनबद्दल मी कधीच तटस्थ राहू शकलो नाही, त्याचंही कारण एक गेमच. स्टॉकर २ बनवणारी मंडळी कीव्हची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आक्रमण झालं तेव्हा काम थांबलं, काही जण प्रागला गेले, काही जण मागे राहिले, काहींनी बंदूक उचलली. त्या मालिकेच्या एका जुन्या भागावर काम केलेला एक जण डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळ लढताना मारला गेला. गेम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. मी पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीला घेतला, आणि सुरुवातीच्या त्रुटींची तक्रार करायला मन झालं नाही.

आणि द्राक्षं. सासरे पिंपळगाव बसवंतचे, द्राक्ष बागायतदार. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनचे हूती बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हा ते मला विचारत होते, ‘जावईबापू, आपला माल रॉटरडॅमला जायचा, त्याच्याशी येमेनचा काय संबंध?’ मी लॅपटॉप उघडला आणि ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’चा नकाशा दाखवला. शेकडो वर्षांपूर्वीचा व्यापार मांडणारा गेम आहे. एडनचं आखात त्यात आहे, आफ्रिकेच्या टोकाला केपचा वळसाही आहे. मी बोट फिरवत दाखवलं: इथून सुवेझ, तो बंद पडला तर हा वळसा, दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं जास्त, आणि कंटेनरमधलं द्राक्ष तेवढे दिवस ताजं राहायला हवं. सासऱ्यांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, ‘म्हणजे वास्को द गामाच्या वाटेने चाललाय आपला माल.’ त्या हंगामात निर्यातदार भावात काटछाट का करतायत, ते त्यांना त्या दिवशी उमगलं.

गेल्या महिन्यात काकांना नवीन मोबाइल घेऊन दिला. दुपारी वेळ जात नाही म्हणून पत्त्यांचा एक गेम टाकला. उघडताच त्याने विचारलं: संपर्कयादी पाहू देणार का? मी काही बोलायच्या आत काकांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, ‘खेळ एकट्याने खेळायचा आहे ना? मग माझे नातेवाईक कशाला हवेत याला?’ त्यांनी ‘नाही’वर बोट ठेवलं. गेम व्यवस्थित सुरू झाला, पत्ते वाटले गेले, आणि काकांनी लाल दश्शीवर काळी नव्वी ठेवली.