गोड बातमीच्या वर्षभर आधी

(सकाळ. पिंपळगाव बसवंतच्या बाहेरची द्राक्षबाग. खरड छाटणी झालेली, नुसत्या काड्या.)

बागेत आत्ता बघण्यासारखं काहीच नाहीये. एप्रिल छाटणी झाली की असंच असतं, बोडकी बाग. पण बागायतदाराला विचारा, तो सांगेल की पुढच्या हंगामात जो घड तोडायचाय तो ह्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात आतल्या आत तयार होतोय, ऑक्टोबर छाटणीनंतर तो फक्त बाहेर पडतो. उन्हाळ्यात काडीचं चुकलं तर नंतर कितीही फवारण्या मारा, घड निघायचा नाही तो नाहीच.

माझ्या चुलत भावाला हे तोंडपाठ आहे. आणि त्याच घरात वहिनीला ल्युपस, मूल तर हवंय, आणि त्याचीही तयारी अशीच आधीपासून करायची असते हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. दर दिवाळीला "मग वहिनी, गोड बातमी कधी?" विचारणारी ननंद मीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला काय बोलणार.

२०१९ ची गोष्ट. लग्नाला वर्ष झालेलं. विरळणीच्या दिवसांत दिवसभर उन्हात, गाल लाल झाले तर सगळे म्हणाले वांग आलाय. सांधे धरले तर म्हणे चिकनगुनियाचं दुखणं मागे राहतंच. केस गळायला लागले तर तेल बदललं. मग पायाला सूज, लघवीला फेस, आणि तेव्हा कुठे नाशिकला आणलं, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून. रक्ताच्या तपासण्या, मग किडनीची बायोप्सी. निदान ल्युपस, किडनीपर्यंत पोचलेला.

ल्युपस म्हणजे सरळ सांगायचं तर कुंपणानेच शेत खायचं. जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायला आहे ती आपल्याच कातडीवर, सांध्यांवर, किडनीवर उलटते. १० पेशंटमागे साधारण ९ बायका, आणि बहुतेक जणी मूल होण्याच्याच वयातल्या. म्हणून तर मुलाचा विषय ह्या आजारात पहिल्याच भेटीत निघायला पाहिजे. वहिनीच्या बाबतीत दोन वर्षं निघाला नाही.

तिला स्टेरॉईड चालू होतं, एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि किडनीसाठी मायकोफिनोलेट. एचसीक्यू आठवत असेल तुम्हाला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोरोनावर चालते म्हणून लोकांनी साठे केले आणि जिला रोज लागते तिच्यासाठी भाऊ मोटरसायकलवर पंचवटीपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत मेडिकलं पालथी घालत होता.

(स्वयंपाकघर. फडताळात औषधांचा प्लास्टिकचा डबा.)

२०२१ ला पाळी चुकली. घरात आनंदीआनंद. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या गोळ्या बंद कर आधी, पोटातल्याला गरम पडतील." त्यांचा हेतू वाईट नव्हता, कुठल्याही घरात हेच म्हणतात. पण झालं काय, मायकोफिनोलेट खरंच गर्भाला धोक्याचं, त्याने गर्भपात होतो, बाळात व्यंग येऊ शकतं, ते दिवस राहायच्या निदान ६ आठवडे आधी बंद व्हायला हवं होतं, म्हणजे त्या गोळीसाठी उशीर झालेला, आणि एचसीक्यू जी गरोदरपणात चालू ठेवायलाच हवी, जी ल्युपसला दाबून ठेवते, ती पण त्याच डब्यात बंद. तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं. ल्युपस भडकला तो वेगळाच, पुन्हा सूज, स्टेरॉईडचा डोस पुन्हा वर.

त्यानंतर एका डॉक्टरांनी सांगून टाकलं, मुलाचा विचार सोडा. वहिनी घरी येऊन बोललीच नाही दोन दिवस.

मग दुसऱ्या एका रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि ल्युपससारख्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो, मी पण बरोबर होते. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, "ताई, मूल कधी हवंय, ह्या वर्षी की पुढच्या?" इतकंच. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला असा तारखेसकट कुणी विचारलाच नव्हता, आम्ही विचारायचो त्याला काय प्रश्न म्हणायचं का.

वहिनी म्हणाली लवकरात लवकर. त्या म्हणाल्या, मग आधी तांबी बसवा.

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा. मूल हवंय म्हणता आणि तांबी बसवता? पण हिशोब सोपा आहे हो. आजार किमान ६ महिने शांत असला पाहिजे, लघवीतलं प्रोटीन खाली, बीपी ताब्यात, मगच दिवस राहू द्यायचे. तोवर चुकूनही राहायला नकोत. आणि मधल्या काळासाठी वाटेल ते गर्भनिरोधक चालत नाही. माला-एन सारख्या गोळीत इस्ट्रोजेन असतं, किडनीचा ल्युपस भडकलेला असेल किंवा रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज असतील तर ती टाळायची. अँटिबॉडीज असतील तर अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन पण नको. तांबीचं तसं नाही, तिच्यात हार्मोनच नाही.

मायकोफिनोलेट काढून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं, ते गरोदरपणात चालतं. बदललेल्या गोळीवर किडनी टिकते का हे बघण्यात महिने गेले. बीपीची गोळी पण बदलली, कारण किडनी सांभाळणाऱ्या बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्या बाळाला चालत नाहीत. दर वेळी रिपोर्ट, दर वेळी एसटी, मेळा स्टँडवर उतरून रिक्षा. भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "एवढ्यात एक अख्खी बाग उभी राहिली असती." वहिनी म्हणाली, "मग, तिला पण तीन वर्षं लागलीच की."

(सोनोग्राफीची खोली. पडदा, ठोक्यांचा आवाज.)

अँटिफॉस्फोलिपिड निगेटिव्ह आल्या. पॉझिटिव्ह असत्या तर १२ आठवड्यांनी परत तपासून खात्री करायची, आणि मग गरोदरपणात गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं लागू शकतात. पण दुसरी एक, अँटी-रो, ती पॉझिटिव्ह होती. ही अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि १०० पैकी साधारण २ बाळांच्या हृदयाचे ठोके मंद पडतात, हार्ट ब्लॉक म्हणतात त्याला. एचसीक्यूने हा धोका कमी होतो, म्हणजे जी गोळी पहिल्या वेळी आपण डब्यात बंद केली तीच. आजार शांत झाला, तांबी काढली, दिवस राहिले. १६ व्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, सुरू झाली. ओटी भरली त्याच आठवड्यात एक इको होती, हिरवा चुडा घालूनच टेबलावर झोपली. ठोके बरोबर होते.

१२ व्या आठवड्याच्या आसपास कमी डोसची अ‍ॅस्पिरिन दिली, प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जायला लागतं ते, होऊ नये म्हणून. तरी ३४ व्या आठवड्यात पाय सुजले आणि लघवीत प्रोटीन आलं. इथे डॉक्टरांचाही कस लागतो, कारण प्रीएक्लॅम्पसिया आणि किडनीचा ल्युपस वरून सारखेच दिसतात आणि उपाय मात्र दोन टोकांचे. एकात बाळंतपण करायचं, दुसऱ्यात औषध वाढवायचं. रक्तातलं कॉम्प्लिमेंट बघितलं, हे प्रतिकारशक्तीचं प्रोटीन ल्युपस भडकला की सहसा खाली येतं, ते पडलेलं नव्हतं, म्हणजे ल्युपस झोपलेला. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रुमॅटॉलॉजिस्ट फोनवर बोलले, माझ्यासमोर, स्पीकरवर, आणि खरं सांगू, सगळ्या दोन वर्षांत मला धीर आला तो त्या दोन मिनिटांत. बीपी सांभाळत ३७ व्या आठवड्यापर्यंत नेलं. मुलगी, २ किलो ४०० ग्रॅम.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची फुकट तपासणी असते, २०१६ पासूनची योजना, चांगली आहे. पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी. वहिनीचं निम्मं काम तोवर होऊन गेलं होतं. आशाताईंना गावातल्या नव्या जोडप्यांची माहिती असते, त्यांनी एवढंच विचारलं ना, बाई तुला रोजची कुठली गोळी चालू आहे का, तरी पुष्कळ होईल.

बाळंतपणानंतरचे काही महिने ल्युपस पुन्हा उसळू शकतो. आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच बाईला माहेरी पाठवतात. वहिनीचं माहेर सटाण्याचं, नाशिकहून अजून लांब, फॉलोअपचा पत्ताच राहिला नसता. शेवटी तिची आईच इकडे येऊन राहिली. दूध पाजताना एचसीक्यू, अ‍ॅझाथायोप्रिन चालतं, ते चालू आहे.

(ओटा. दुपार. आठ महिन्यांची मुलगी रांगतेय.)

मुलीला सगळ्यात आवडतं खेळणं म्हणजे रिकामी गोळ्यांची स्ट्रिप, कुरकुर वाजते म्हणून. सासूबाई तिला मांडीवर घेऊन विचारतात, "काय गं, भाऊ कधी आणायचा तुला?"

वहिनी आतून ओरडते, "आई, तांबी आहे अजून. आणि लघवीचा रिपोर्ट सोमवारी येणारे."