तहानलेली जमीन पाणी का पीत नाही?

नमस्कार. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला या ठिकाणी चोवीस तासांहूनही कमी वेळात २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. त्या देशात १९४९ पासून पावसाच्या नोंदी ठेवल्या जातात आणि त्यांत एवढा पाऊस पूर्वी कधीच आढळत नाही. कोकणातल्या माणसाला हा आकडा आषाढातल्या एखाद्या दिवसाचा वाटेल. परंतु दुबईत वर्षभराचा पाऊस सरासरीने शंभर मिलिमीटरच्याही आतच असतो. विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या, शेख झायेद रस्त्यावर लोकांना मोटारी सोडून द्याव्या लागल्या.

हा सारा कृत्रिम पावसाचा प्रताप, अशी आवई तेव्हा उठली. त्या वादळात ढगांवर फवारणी केलीच नव्हती, असे तिथल्या हवामान केंद्राने सांगितले. आणि केली असती तरी फवारणीने ढगात आधीच असलेल्या पाण्यातून थोडे अधिक पाणी पाडता येते, अनेक देशांवर पसरलेले वादळ उभे करता येत नाही. त्याच पावसाळी हवेत दोन दिवस आधी ओमानमध्ये शाळकरी मुले वाहून गेली होती, ही गोष्ट मात्र या गदारोळात मागे पडली.

पाऊस किती पडला, याइतकेच तो जमिनीत किती वेगाने मुरला, यावर पुराचे गणित ठरते. वाळू पाणी शोषते हे खरे, पण वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. पुष्कळ ठिकाणी ते उघडे खडक, मुरूम आणि उन्हाने कडक पापुद्रा धरलेली माती यांचे बनलेले असते. पाणी अडवायला गवत नसते, झाडांची मुळे नसतात. अशा डोंगरउतारावरचे पाणी कोरड्या ओढ्यात, म्हणजे अरबीत ज्याला ‘वादी’ म्हणतात त्यात, एकदम उतरते. पाऊस दूर डोंगरात पडलेला असतो आणि खाली, निरभ्र आकाशाखाली उभ्या असलेल्या माणसासमोर अचानक गढूळ लोंढा येतो.

राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील कवास गावाने २००६ च्या ऑगस्टमध्ये याचे आणखी वेगळे रूप पाहिले. तिथे वाळूखाली जिप्समचा थर आहे. पुराचे पाणी त्या थरामुळे खाली मुरू शकले नाही आणि भर थारच्या वाळवंटात ते कित्येक महिने तळ्यासारखे साचून राहिले.

शहरात हाच थर आपण स्वतः घालतो, डांबराचा आणि काँक्रीटचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिथली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती, आणि मिठी नदीचे पात्र भराव व बांधकामांनी आवळलेले होते. दुबईची अडचण वेगळी होती: जिथे पाऊस क्वचितच पडतो, तिथे मोठ्या गटारांवर पैसा कोण घालणार? २०२४ च्या त्या पुरानंतर तिथे ३० अब्ज दिरहमांची जलनिस्सारण योजना जाहीर झाली. ती २०३३ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे.

अशा पुरात अनेकांचा जीव जातो तो मोटारीत बसून पाणी ओलांडताना. साधारण ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटार ढकलू शकते, ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे चालकाला दिसत नाही. अमिरातीत २०२३ पासून पूर आलेल्या वादीत वाहन घालणाऱ्याला २,००० दिरहम दंड होतो आणि वाहन ६० दिवस जप्त केले जाते. एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न उरतोच, कारण वादीचा लोंढा बहुधा काही तासांत ओसरतो.