व्हेनिस: पायऱ्यांवर बसू नका असं का सांगतात

ही जी बोट काठाला लागतेय ना, हिच्यात दुधाचे क्रेट आहेत, पाण्याच्या बाटल्या आहेत, कुणाचं तरी नवं वॉशिंग मशीन पण आहे. व्हेनिसमध्ये मोटारगाडी येते ती पियाझाले रोमा चौकापर्यंत, तिथे रस्ता संपला, पुढे बोट नाहीतर पाय. त्यामुळे शहराला जे जे लागतं ते बोटीतून उतरतं आणि या हातगाड्यांवर चढतं. गाडीची चाकं बघा, मागे मोठी दोन, पुढे छोटी दोन. पूल आला की छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची, मागून जोर लावायचा, मोठी चाकं वर घ्यायची, परत पुढची पायरी. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेक सगळे पायऱ्यांचेच. गाडी ढकलणारा ओरडतोय ते ‘अत्तेन्त्सिओने’, बाजूला व्हा म्हणतोय. कचरा उचलणाऱ्यांच्या गाड्या पण अशाच फिरतात.

आणि हा तसाच एक पूल, भर दुपारचा. पिझ्झाचे बॉक्स, ट्रॉली बॅगा, पाय पसरून बसलेली माणसं. आपल्याला वाटतं पूल म्हणजे फोटोची जागा, पण इथल्या आजीबाईंना बाजारातून घरी जायला हाच रस्ता आहे, दुसरा नाही. म्हणून पुलावर, पायऱ्यांवर, स्मारकांवर बसून खायला बंदी आहे. सायकल तर चालवायची नाहीच, हातात धरून ढकलत नेली तरी दंड. गल्लीतून चालताना उजवी बाजू धरायची, फोटोसाठी थांबायचं तर कडेला.

कालव्यांचंही तेच, तेही इथले रस्तेच. सायरन वाजवत गेली ती ॲम्ब्युलन्स, मागून येतेय ती वापोरेत्तो, म्हणजे इथली सिटी बस, पण बोट, तिच्यात चढताना पाठीवरची सॅक काढून खाली धरायची. इतकी वाहतूक असलेल्या कालव्यात दरवर्षी कुणीतरी उडी मारतंच, आणि मग काही शे युरो दंड भरून शहराबाहेर रवानगी होते.

हे जुने फोटो सॅन मार्को या शहरातल्या मुख्य चौकातले. डोक्यावर, हातावर, खांद्यावर कबुतरं, आणि शेजारी दाण्यांची पाकिटं विकणारा. अनधिकृत नव्हे हां, परवानाधारक विक्रेता! बाकी शहरात दाणे टाकायला बंदी होती तेव्हासुद्धा या चौकाला सूट होती, कारण तो फोटो म्हणजेच व्हेनिस असं जगभर झालं होतं. पण विष्ठेने संगमरवर खराब होत होता, चोचींनी दगड टोकरला जात होता, आणि साफसफाईचा खर्च शेवटी शहरावरच. 2008 मध्ये सूट काढून घेतली, दाणेवाले गेले. आता कबुतराला दाणे टाकले तर दंड तुम्हाला.

झेंडा उंच धरलेला हा ग्रुप बघा. 2024 पासून एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 25 माणसं आणि लाउडस्पीकर बंद. महाराष्ट्रातून युरोप टूरला जाणारा ग्रुप बऱ्याचदा याहून मोठा असतो, म्हणजे दोन भाग करून फिरायचं आणि गाइडचं बोलणं कानातल्या रिसीव्हरवर ऐकायचं. खरं सांगायचं तर यात आपलंच भलं आहे, नाहीतर मागच्यांना काय ऐकू येत होतं! सॅन मार्कोच्या चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी सोबत असेल तर प्रश्न मिटला.

2024 पासूनच ठराविक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी आहे, सुरुवातीला 5 युरो होती. शहरात मुक्कामाला असाल तर फी नाही, पण ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो, तपासणारे मागतात.

रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत हा आकडा झळकतोय तो जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. 1951 च्या सुमाराला पावणेदोन लाख होते, आता पन्नास हजारही नाहीत.

बॅगेत चिवडा-चकली असेल तर पियाझाले रोमाशेजारच्या पापादोपोली बागेत जा, बाकं आहेत, झाडं आहेत, निवांत बसून खा. कागद-पिशवी कचरापेटीतच टाका, आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ आहेत, पाणी पिण्याचंच असतं, रिकामी बाटली तिथे भरून घ्या.