किरण मारलेला आंबा, टॉर्च आणि गुलाल

(टेबलावर एक हापूस, एक टॉर्च, वाटीभर गुलाल आणि गायगर काउंटर. काउंटर चालू आहे, अधूनमधून टिक्-टिक्.)

नमस्कार मंडळी. आंब्याचा सीझन आला की माझ्या कमेंट बॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो. "सर, रेडिएशन मारलेला आंबा खावा का?" "दादा, लासलगावला कांद्याला ॲटमिक किरण देतात म्हणे, कॅन्सर होतो का?" यंदा भर म्हणून न्यू जर्सीच्या मावशीनं हापूसच्या पेटीचा फोटो पाठवला. पेटीवर हिरव्या गोलात फुलासारखं चिन्ह आणि खाली लिहिलंय की किरणप्रक्रिया केलेला माल. मावशी विचारते, "अरे, पेटी फ्रीजमध्ये ठेवली तर बाकीच्या भाज्यांना लागेल का ते?"

लागेल का! हे 'लागेल का' आहे ना, आजचा अख्खा व्हिडिओ त्यावरच आहे. बाकीचं मी पळवणार आहे.

पळवतो. अल्फा, बीटा, गॅमा. अल्फा कागदानं अडतो, बीटा ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं, गॅमाला शिसं नाहीतर जाड काँक्रीट लागतं. शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी. हा गायगर काउंटर. आत नळी, नळीत वायू, किरण आला की एक टिक्. आत्ता रिकाम्या टेबलावर मिनिटाला वीस-बावीस टिक् येतायत. माती, भिंती, आकाश, आपलं स्वतःचं शरीर, सगळीकडून थोडं थोडं. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला बसणाऱ्या डोसचं माप. झालं.

आता इथे थांबा. हा टॉर्च. मी हातावर मारला. हात उजळला. बंद केला. आता माझा हात चमकतोय का? अंधारात गेलो तर माझ्या हाताच्या उजेडात पेपर वाचता येईल का? नाही ना.

आता हा गुलाल. (चिमूट घेतो, हातावर चोळतो.) वाटी मी झाकून ठेवली. तरी हातावर गुलाल आहे. मी या हातानं मोबाइल घेतला, मोबाइलला लागला. पोरीच्या गालाला हात लावला, गालाला लागला. विसर्जनाहून आल्यावर चार दिवस कानातून गुलाल निघतो, माहितीये ना?

किरण पडणं म्हणजे टॉर्च. किरण सोडणारं द्रव्य अंगाला चिकटणं, पोटात जाणं म्हणजे गुलाल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोघींना 'रेडिएशन' हा एकच शब्द वापरतो. तिथेच माती खातो.

लासलगावला 'कृषक' नावाचा प्लांट आहे, २००२ पासून. तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून साधारण साठ ते नव्वद ग्रे. ग्रे म्हणजे किरणांनी वस्तूत किती ऊर्जा सोडली त्याचं माप. आंब्यात कोयीतला भुंगा आणि फळमाशी असते, अमेरिकेला त्याची धास्ती, म्हणून किमान ४०० ग्रे. २००७ पासून आपला हापूस असा तिकडे जातोय. कोबाल्ट धातूच्या नळीत सीलबंद असतो. आंबा त्याला शिवत नाही. समोरून जातो, उजेड खातो, बाहेर येतो. टॉर्च! गुलाल नाही!

आता एक कमेंट वाचतो, कारण नाहीतर खालून ओरडाल. "सर, ४०० ग्रे म्हणजे कमी वाटतं का तुम्हाला?" बरोबर आहे, कमी नाही. माणसाच्या अख्ख्या शरीराला चार-पाच ग्रे बसले तर उपचार नसतील तर निम्मी माणसं दगावतात. त्या खोलीत आंब्याशेजारी तुम्ही बसलात तर बाहेर याल ते खांद्यावरून. टॉर्च निरुपद्रवी आहे असं मी म्हणतच नाहीये. टॉर्च भाजू शकतो, मारू शकतो. पण ज्याला त्यानं मारलं, त्याला हात लावून तुम्हाला काही होत नाही. मुद्दा तेवढाच आहे. आणि गंमत बघा, चारशे ग्रेनं आंबा तापतो किती? एक अंशाचा दहावा हिस्सा. उन्हात ठेवलेली पेटी याहून जास्त तापते.

(आंबा काउंटरजवळ धरतो.) हा काही त्या प्लांटमधला नाही, कोपऱ्यावरच्या गाडीवरचा आहे, खोटं कशाला बोलू. पण प्लांटमधला धरला असता तरी हेच. वीस, एकवीस. गाडीवाल्यानं रत्नागिरी म्हणून कर्नाटकचा दिला, ते मात्र काउंटरवर दिसत नाही.

दुसरी बाजू, दवाखाना. माझ्या आईचा छातीचा एक्स-रे काढला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, आज नातवाला जवळ घेऊ नका हं." कोणता दवाखाना, जाऊ द्या. आई दिवसभर पोराकडे लांबून बघत बसली, पोरगं रडून रडून लाल. अहो, एक्स-रेची नळी बंद झाली की किरण संपले! बटण सोडलं, टॉर्च विझला. आईच्या छातीत काही उरलं नाही.

पण. हा 'पण' लिहून ठेवा. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ देतात, ते प्यायचं असतं. त्याचं हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, आठ दिवस. तो गुलाल आहे, आणि आत गेलाय. घामात येतो, लघवीत येतो. तिथे डॉक्टर म्हणाले की इतके दिवस लहान मुलांपासून लांब राहा, ताट-टॉवेल वेगळा ठेवा, तर शहाणपणा न करता ऐकायचं. पेट (PET) स्कॅनलाही टोचतात तो गुलालच, फ्लोरिन-१८. पण त्याचं हाफ-लाइफ एकशे दहा मिनिटं, म्हणजे सकाळी टोचलेला रात्री जेमतेम शेकडा एक उरतो. त्या बाईंनी पेट स्कॅनची सूचना एक्स-रेला चिकटवली. त्यांची चूक नाही म्हणा, कुणी वेगळं करून सांगितलंच नसेल. आणि परत परत विचारताय म्हणून: मोबाइल टॉवर यात कुठेच बसत नाही. तो विषय वेगळा, व्हिडिओ वेगळा.

आता एका हुशार माणसाची कमेंट. "सर, टॉर्च पडल्यानं वस्तू रेडिओॲक्टिव्ह होत नाही म्हणता, मग सर्नच्या, म्हणजे युरोपातल्या त्या मोठ्या अणुकणांच्या प्रयोगशाळेच्या, बोगद्यात मशीन बंद केल्यावरही लगेच का सोडत नाहीत?" शाबास. पकडलंत मला.

कारण कधीकधी टॉर्च वस्तूला बदलतो. अणूच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उखडला, किंवा बाहेरून न्यूट्रॉन येऊन आत घुसला, की ती वस्तू स्वतःच किरण सोडायला लागते. कोबाल्ट-६० असाच बनतो. साधा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवतात, आपल्याकडे रावतभाट्याला, आणि तो न्यूट्रॉन गिळून साठ होतो. मोठ्या प्रवेगकात, म्हणजे कण पळवणाऱ्या यंत्रात, प्रोटॉन इतके जोरात धडकतात की चुंबकं, पोलाद, भिंती, सगळ्यांत थोडं थोडं हे होतं. म्हणून बीम, म्हणजे कणांचा झोत, बंद करून थांबतात, मोजतात, मगच आत जातात. काढलेले भागसुद्धा मोजून, वर्गवारी करून कचऱ्यात जातात. दवाखान्यात कॅन्सरवर किरण देणारा मोठा लिनॅक असतो, तोही प्रवेगकच. त्याचं डोकं दहा एमईव्हीच्या वर चालवलं (एमईव्ही म्हणजे एकेका किरणाच्या ऊर्जेचं माप) तर तेही जरासं रेडिओॲक्टिव्ह होतं.

मग आंब्याचं तसं का होत नाही? दहीहंडी आठवा. आंब्यात मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन. साध्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉनच नाही, प्रश्न मिटला. बाकीच्यांची हंडी किती उंच? न्यूट्रॉन उखडायला नायट्रोजनला साडेदहा एमईव्ही लागतात, ऑक्सिजनला १५.७, कार्बनला १८.७. आणि कोबाल्टचा गॅमा केवढा? १.१७ आणि १.३३. सव्वा थराचं पथक! दहा थरांची हंडी सव्वा थराच्या पथकाला फुटेल का? "सर, पण किरण तर अब्जावधी असतात." असू देत! सव्वा थराची लाख पथकं आली तरी हंडी दहा थरांवरच. पथकं एकमेकांच्या खांद्यावर चढत नाहीत. प्रत्येक जण एकटा येतो, एकटा जातो. डोस वाढवलात म्हणजे पथकांची संख्या वाढवलीत, उंची नाही.

हे कळलं की पुढची गोष्ट आपोआप कळते. कोबाल्टऐवजी इलेक्ट्रॉनचा प्रवेगक वापरून अन्नावर प्रक्रिया करता येते. आपल्या खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथला एक लिनॅक दहा एमईव्हीचा आहे. आणि अन्नासाठी इलेक्ट्रॉनची आंतरराष्ट्रीय मर्यादा किती? दहा. पंधरा नाही, वीस नाही. दहा का, ते आता तुम्ही मला सांगा. कमेंटमध्ये. हंडी लिहिलंत तरी चालेल.

बरं, तिसरी बाजू. माझ्यासाठी हीच खरी, कारण इथे माणसं मेली आहेत.

ब्राझीलमधलं गोयानिया शहर, सप्टेंबर १९८७. एका बंद पडलेल्या कॅन्सर क्लिनिकमध्ये रेडिओथेरपीचं मशीन तसंच पडून होतं. भंगार म्हणून दोघांनी ते उचललं, कॅप्सूल फोडली. आत सीझियम-१३७, क्लोराइडच्या रूपात. म्हणजे मिठासारखी पावडर, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. अंधारात निळसर चमकायची. भंगारवाल्याला ती इतकी आवडली की पाहुण्यांना वाटली. लोकांनी अंगाला चोळली. कणकण घरोघरी गेले, कपड्यांतून, हातांतून, पैशांच्या नोटांतून. एक लाख बारा हजार माणसं तपासावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा आत ते सापडलं, चौघं गेले. नंतर घरं पाडली, माती खरवडली. कचरा झाला साडेतीन हजार घनमीटर. आपल्या भाषेत सांगतो, बाराशे ब्रासच्या वर. मूठभर पावडरीतून बाराशे ब्रास!

गुलाल. जोपर्यंत ते सीझियम कॅप्सूलमध्ये होतं, तोपर्यंत तो टॉर्च होता आणि त्यानं रुग्ण बरे केले. फुटलं, त्या क्षणी गुलाल झाला.

आणि आता हेच सीझियम-१३७, तोच पदार्थ, आपल्याकडे ट्रॉम्बेला. वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया झाली की उरतं ते आम्लातलं अतितीव्र द्रव. हा कचऱ्यातला सगळ्यात वाईट भाग. टाकीतलं द्रव गळू शकतं, झिरपू शकतं. म्हणून ते बोरोसिलिकेट काचेत वितळवतात, हजार अंशांच्या आसपास, आणि पोलादी डब्यात ओतून गार होऊ देतात. ट्रॉम्बे, तारापूर, कल्पाक्कम, तिन्हीकडे असे प्लांट आहेत.

इथे लोकांची ठरलेली चूक. "काचेत घातलं म्हणजे किरण कमी झाले." अजिबात नाही! काचेमुळे अणूंचं किरण सोडणं जराही कमी होत नाही. डबा तेवढाच तीव्र असतो, हवेनं गार करत कित्येक दशकं ठेवावा लागतो. काच फक्त गुलालाचा गुलालपणा काढून घेते. लाखेची बांगडी बघा. रंग आहे, भरपूर आहे, पण घातली म्हणून मनगट रंगत नाही. सीझियमचा अणू काचेच्या जाळ्यात अडकून बसतो. पाण्यानं धुतलं तरी सहजी निघत नाही, फुंकर मारली तरी उडत नाही. उरला तो टॉर्च. आणि टॉर्चसाठी भिंत बांधता येते.

याच्या पुढचं तर मला फारच आवडतं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्या द्रवातून सीझियम वेगळं काढलं, काचेत घातलं आणि त्याच्या पेन्सिली केल्या. सीझियम ग्लास पेन्सिल. त्या बसवतात ब्लड इरॅडिएटरमध्ये, म्हणजे रक्ताच्या पिशवीला किरण देणाऱ्या यंत्रात. प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या रुग्णाला रक्त द्यायचं असेल तर रक्तातल्या लिंफोसाइट्सची, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींची, वाढ रोखावी लागते, नाहीतर त्या पेशी रुग्णावरच उलटतात. त्यासाठी पिशवीला पंचवीस ग्रे देतात. गोयानियाला ज्या सीझियमनं घरं पाडायला लावली, त्याच सीझियमचा उजेड खाल्लेलं रक्त इथे थेट माणसाच्या शिरेत सोडतात. आणि मावशी, तू भेंडी फ्रीजमध्ये आंब्याशेजारी ठेवायला घाबरतेस.

शेवटी एक दाखवायचं राहिलं. (खणातून प्लास्टिकची पिशवी काढतो.) ही जुनी गॅसबत्तीची मेंटल. मामाच्या मांडवाच्या सामानात सापडली. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या असायच्या ना, त्यातली. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, त्यानं उजेड पांढराशुभ्र पडायचा. हल्लीच्या बऱ्याच मेंटलमध्ये नसतं. काउंटरजवळ नेतो. (टिक्-टिक्-टिक् एकदम वाढतं.) ऐका. मघाशी वीस, आता दीडशेच्या वर. पिशवी लांब नेली, परत वीस. इथवर टॉर्च.

आता कॅमेरामन म्हणतोय, पिशवीतून काढून दाखव, नीट दिसत नाहीये. नाही काढणार. ही न वापरलेली आहे, धड आहे. पण जळलेली मेंटल हात लागला की राख होते, भुकटी उडते, नाकात जाते. तुमच्या घरी माळ्यावर जळकी असेल तर फुंकर मारून धूळ झाडू नका. ओल्या फडक्यानं उचला, पिशवीत बांधा.

पिशवी कुठे कुठे फाटलीये का, ते मी आधी बघितलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. (हाताकडे बघतो. हात काउंटरजवळ धरतो. वीस. एकवीस. एकोणीस.) काही नाही. गुलाल आहे तेवढा मात्र आहे. थांबा, हात धुऊन येतो, मग हा आंबा कापू.